विषाणू आधी की टी-पेशी आधी?

मूत्राशयाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा माझ्यावर सोपवलेले काम थोडक्यात सांगता येण्यासारखे होते. रुग्णाच्या गाठीतूनच त्याच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, काढायच्या, त्या वाढवायच्या आणि कॅन्सरच्या पेशींत शिरून वाढणाऱ्या एका विषाणूच्या जोडीने त्या वापरल्या तर गाठीच्या पेशी अधिक मरतात का, हे पाहायचे. कागदावर ही दोन औषधांची सरळ बेरीज वाटते. पण टी-पेशींचे शरीरातले एक मुख्य कामच मुळी विषाणूने ग्रासलेल्या पेशी हुडकून मारण्याचे असते. म्हणजे ज्या दोघांना आम्ही एका बाजूने लढायला उभे करणार होतो, त्यांचे वैर फार जुने होते. कोणाला आधी पाठवायचे आणि दोघांमध्ये किती अंतर ठेवायचे, या एका प्रश्नाभोवतीच माझे तिथले बहुतेक सगळे काम फिरत राहिले.

पेशी वाढवायला मी शिकले ते पुण्यात, नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारे भांडार तिथे आहे, आणि तिथल्या पेशी वर्षानुवर्षे फ्लास्कमध्ये राहून सरावलेल्या असतात: वेळेवर मीडिया (पेशींचे पोषक द्रावण) बदलला, गर्दी झाली की विरळ केले, की त्या बिनतक्रार वाढतात. रुग्णाच्या शरीरातून तासाभरापूर्वी निघालेल्या गाठीला असे काहीच वळण नसते. एकाच आजाराच्या दोन रुग्णांच्या गाठी एकाच दिवशी, एकाच हाताने, एकाच बाटलीतल्या मीडियात ठेवल्या तरी त्या दोन निराळ्या वागतात, आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा हाती लागत नाही.

मूत्राशयच का निवडले, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्याचे पहिले कारण असे की हा अवयव पोकळ आहे आणि मूत्रमार्गातून बारीक नळी घालून तिथपर्यंत थेट पोहोचता येते. निदान होते तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांमध्ये गाठ आतल्या अस्तरापुरतीच असते, स्नायूंपर्यंत उतरलेली नसते. म्हणजे औषध आत ओतले तर ते गाठीला प्रत्यक्ष भिडते आणि रक्तात फारसे जात नाही. दुसरे कारण इतिहासातले आहे. कॅनडातल्या किंग्स्टन इथल्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली क्षयाची लस, म्हणजे बीसीजी, मूत्राशयात सोडून गाठी पुन्हा येण्याचे प्रमाण कमी होते असे दाखवले, आणि त्यांनी ठरवलेला दर आठवड्याला एक याप्रमाणे सहा आठवड्यांचा क्रम जगभर आजही पाळला जातो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही मूत्राशयासाठीची बीसीजी तयार होते. जिवंत जंतू आत सोडून प्रतिकारशक्ती चेतवणे हा प्रकार या अवयवाला नवा नाही, असे म्हणायला हरकत नाही. बीसीजीने काम केले नाही तर मात्र अलीकडेपर्यंत मूत्राशय काढून टाकण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. अमेरिकेत या आजाराच्या निदानाचे मध्यम वय ७३ आहे. त्या वयात एवढी मोठी शस्त्रक्रिया आणि नंतर पोटावर लघवीची पिशवी बाळगून काढायचे आयुष्य, हे ऐकूनच पुष्कळ रुग्ण खचतात.

नमुना येणार असला की शस्त्रक्रियागृहातून सकाळीच फोन येई. रुग्णाने संमतिपत्रावर सही केलेली असे, पण त्याचे नाव आमच्यापर्यंत येत नसे, येई तो केवळ एक क्रमांक. गाठीवर पहिला हक्क पॅथॉलॉजिस्टचा. निदानासाठी लागणारा भाग त्यांनी काढून घेतल्यावर जे उरेल ते आमच्या वाट्याला येई, आणि ते कधी बोराएवढे असे तर कधी तांदळाच्या चार दाण्यांएवढे. मूत्राशय पूर्ण काढले असेल तर तुकडा चांगला मोठा मिळे. दुर्बिणीतून तारेच्या आकड्याने खरवडून काढलेल्या गाठीचे तुकडे मात्र विजेच्या उष्णतेने कडांना भाजलेले असत, आणि ती तपकिरी कड काढून टाकता टाकता हातातले अर्धे संपून जाई.

हूडमध्ये, म्हणजे जंतुरहित हवेच्या कपाटात, पेट्री डिशवर थंड द्रावण घेऊन त्यात तुकडा ठेवायचा आणि आधी काही न करता त्याच्याकडे नीट पाहायचे, ही सवय मला तिथल्या एका अनुभवी तंत्रज्ञ बाईंनी लावली. गाठीचा जिवंत भाग गुलाबी, ओलसर आणि किंचित पारभासक दिसतो. मेलेला भाग पिवळट आणि भुसभुशीत असतो, आणि चिमट्याने उचलू गेले तर सुटून येतो. त्या म्हणत, "पाते लावण्याआधी कुठून कापायचे नाही ते ठरव." मग दोन पात्यांनी जिवंत भागाचे एक ते तीन मिलिमीटरचे तुकडे करायचे आणि चोवीस खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात एकेक तुकडा ठेवायचा. मीडियात इंटरल्युकिन-२ हे प्रथिन घातलेले असते, मिलिलिटरला ६००० युनिट या भरघोस प्रमाणात, कारण गाठीत थकून पडलेल्या टी-पेशींना वाढीसाठी तेवढा रेटा लागतो. गाठीत शिरलेल्या या टी-पेशींना इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून सगळे जण 'टिल' म्हणतात, आणि पुढे मीही तेच म्हणणार आहे.

गाठीचा उरलेला भाग विकरांत रात्रभर घुसळून त्याच्या सुट्या पेशी करायच्या आणि त्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या. पुढे टिल तयार झाल्या की त्यांच्यासमोर लक्ष्य म्हणून याच रुग्णाच्या याच पेशी ठेवता याव्यात, हा त्यामागचा हेतू. नमुना लहान असला की इथे खरी पंचाईत होई. सगळे तुकडे प्लेटमध्ये घातले तर टिल वाढण्याची शक्यता वाढे, पण त्या कशाला ओळखतात हे तपासायला गाठ शिल्लक राहत नसे. आणि लक्ष्य राखून ठेवले तर टिल उगवतीलच याची खात्री नसे. नियम म्हणून काही लिहिलेले नव्हते. डिशमध्ये काय दिसते त्यावरून जागच्या जागी ठरवावे लागे, आणि दोन माणसांचे त्यावर एकमत होईच असे नाही.

पुढचे काही दिवस सूक्ष्मदर्शकाखाली काहीच घडत नाही. तुकड्याच्या कडेने मेलेल्या पेशींचा कचरा तरंगत असतो, एवढेच. नंतर एखाद्या सकाळी कडेला गोल, चकाकत्या पेशींची झालर दिसू लागते. दोन-तीन दिवसांत ती खळग्याचा तळ व्यापते, आणि मीडियातला दर्शक रंग गुलाबीचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा होतो, कारण वाढणाऱ्या पेशी आम्ल सोडतात. मात्र जिवाणू शिरले तरी रंग असाच पिवळा होतो. मूत्रमार्गातून पुन्हा पुन्हा उपकरणे गेलेल्या रुग्णाच्या गाठीबरोबर जंतू येणे ही साधी बाब असल्यामुळे, प्रतिजैविके घालूनही, पिवळा खळगा दिसला की आनंद मानायच्या आधी तो उजेडासमोर धरून गढूळ आहे का ते पाहावे लागे. एखादी प्लेट पूर्ण टाकून द्यावी लागली की त्या रुग्णाची दुसरी प्लेट नसते, आणि या कामातला सगळ्यांत कष्टी दिवस तोच.

उगवलेल्या सगळ्या टिल गाठीच्या शत्रू असतात असेही नाही. गाठीत सापडणाऱ्या टी-पेशींपैकी पुष्कळ जणी फ्लू किंवा सायटोमेगॅलोव्हायरससारख्या जुन्या संसर्गांच्या आठवणी बाळगणाऱ्या असतात. दाह झाला म्हणून त्या तिथे आलेल्या असतात, गाठीशी त्यांना देणेघेणे नसते. म्हणून प्रत्येक खळग्यातल्या पेशी वेगळ्या ठेवून त्यांना रात्रभर रुग्णाच्या गोठवलेल्या गाठीच्या पेशींबरोबर ठेवायचे आणि सकाळी वरच्या द्रवात इंटरफेरॉन-गॅमा किती आले ते मोजायचे. टी-पेशीने समोरच्या पेशीला ओळखले तर ती हे प्रथिन सोडते. सोबत तशाच दुसऱ्या खळग्यात पेशीच्या पृष्ठभागावरचे एचएलए रेणू झाकणारे प्रतिपिंड घालायचे. टी-पेशी लक्ष्य पाहते ती एचएलएच्या माध्यमातून, त्यामुळे झाकल्यावर आकडा उतरला तरच आधीचा आकडा खरा. कित्येक वेळा एकाच गाठीच्या शेजारशेजारच्या तुकड्यांतून निघालेल्या पेशींपैकी एक खळगा जोरात प्रतिसाद देई आणि बाकीचे मख्ख राहत. निवडलेल्या खळग्यांतल्या पेशी पुढे दात्यांच्या रक्तातल्या, किरणांनी निष्प्रभ केलेल्या पेशींबरोबर दोन आठवडे वाढवल्या की त्यांची संख्या सुमारे हजारपट होते. हा भाग आता यंत्रवत झालेला आहे. त्यात शिकण्यासारखे फारसे उरलेले नाही.

टिल-उपचाराची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने १९८८ साली मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवरचे पहिले निष्कर्ष मांडले, आणि त्यावर आधारलेल्या लिफिल्युसेल या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली ती थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्या उपचारात टिल शिरेतून देतात. पण त्याआधी रुग्णाच्या स्वतःच्या लिम्फोसाइट पेशी केमोथेरपीने जवळजवळ पुसून टाकाव्या लागतात आणि नंतर इंटरल्युकिन-२ चे मोठे डोस द्यावे लागतात. सत्तरी ओलांडलेल्या, मूत्रपिंडे आधीच दमलेल्या रुग्णाला हे सोसणे अवघड. टिल थेट मूत्राशयातच सोडता आल्या तर यातले बरेच टाळता येईल, हा विचार त्यातून आला, आणि फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरने तशी पहिल्या टप्प्याची चाचणी हाती घेतली आहे.

आता विषाणूकडे येते. आम्ही वापरत होतो तो ॲडेनोव्हायरस कुळातला, म्हणजे एरवी सर्दी-खोकला आणि डोळे येणे घडवून आणणाऱ्यांपैकी. या कुळातून मूत्राशयासाठी दोन निरनिराळ्या गोष्टी तयार झालेल्या आहेत आणि वर्तमानपत्रांत त्यांची नेहमी सरमिसळ होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या नॅडोफॅराजीनमधला विषाणू वाढत नाही. तो इंटरफेरॉनचे जनुक मूत्राशयाच्या पेशींत पोहोचवतो आणि तिथे त्याचे काम संपते. क्रेटोस्टिमोजीन हा दुसरा प्रकार मात्र कॅन्सरच्या पेशीत वाढतो आणि ती फोडून बाहेर पडतो. निरोगी पेशीत आरबी नावाचे प्रथिन पेशीविभाजनाच्या यंत्रणेला आवरून धरते, आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये हा आवर बहुधा सुटलेला असतो. या विषाणूचे पहिले जनुक असे जोडलेले आहे की आवर सुटलेल्या पेशीतच ते सुरू व्हावे. त्यात आणखी एक फेरफार केलेला आहे, आणि माझ्या मते तोच अधिक हुशारीचा. निसर्गातला ॲडेनोव्हायरस एक प्रथिन तयार करून पेशीचे एचएलए रेणू आतच अडकवून ठेवतो, जेणेकरून टी-पेशींना ती पेशी दिसू नये. क्रेटोस्टिमोजीनमध्ये नेमके तेच जनुक काढून त्या जागी प्रतिकारशक्तीला बोलावणाऱ्या जीएम-सीएसएफचे जनुक बसवलेले आहे. म्हणजे विषाणूचे लपण्याचे साधन काढून घेऊन त्याच्याच हातात हाक मारण्याचे साधन दिले.

विषाणूच्या कुप्या उणे ८० अंशांवर असतात. एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवायची नाही, वापरलेली प्रत्येक वस्तू ब्लीचमध्ये बुडवायची, आणि टिलच्या खोलीत त्या दिवशी पुन्हा पाऊल टाकायचे नाही, एवढे नियम पक्के होते. गाठीच्या पेशींवर विषाणू घातल्यावर पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळाला पसरून चिकटलेल्या पेशी आक्रसून गोल होतात, फुगतात आणि द्राक्षांच्या घडासारख्या झुबक्यांनी सुटून वर येतात. टी-पेशींवर या विषाणूला चढायला लागणारी पकड जवळजवळ नसते, त्यामुळे तो आमच्या टिलना थेट मारत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

दोघांना एकत्र आणण्याचे प्रयोग ज्या प्लेटमध्ये होत, तिच्या तळाशी सोन्याचे बारीक विद्युतअग्र बसवलेले असतात. पेशी चिकटून बसल्या की विजेला अडथळा होतो, मेल्या आणि सुटल्या की अडथळा कमी होतो. संगणकाच्या पडद्यावर दर पंधरा मिनिटांनी आलेख पुढे सरकतो आणि रात्री घरी बसूनही तो पाहता येतो, हे चांगले की वाईट ते मला अजून ठरवता आलेले नाही. एका रांगेत फक्त विषाणू, एका रांगेत फक्त टिल, एका रांगेत दोन्ही एकाच वेळी, एका रांगेत आधी विषाणू आणि काही काळाने टिल, एका रांगेत त्याच्या उलट, आणि शेवटी नुसत्या गाठीच्या पेशी.

दोन्ही एकदम घातले की टिल ग्रासलेल्या पेशींवर तुटून पडत आणि विषाणू फुटून शेजारच्या पेशींत जायच्या आतच त्याचे घर मोडत. द्रवात नव्या विषाणूंची संख्या कमी भरे. विषाणूवर काम करणारे आमचे सहकारी हा तोटा मानत, आणि टिलवर काम करणारे म्हणत की पेशी मेली ना, मग विषाणू वाढला नाही तर तुमचे काय बिघडले? हा वाद आठवड्याच्या बैठकीत नेमाने झडे. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटत. विषाणूची किंमत केवळ त्याने फोडलेल्या पेशींत मोजायची नसते. ग्रासलेली पेशी मरण्याआधी इंटरफेरॉन सोडते, टी-पेशींना ओढून घेणारे सीएक्ससीएल-१० सारखे संदेश पाठवते, आणि ते इंटरफेरॉन पोहोचल्यावर शेजारच्या न ग्रासलेल्या पेशीही आपले एचएलए रेणू अधिक संख्येने पृष्ठभागावर आणतात. कॅन्सरच्या कितीतरी पेशी एचएलए कमी करून टी-पेशींच्या नजरेआड राहतात; विषाणूमुळे होणारा खरा लाभ त्या पुन्हा दिसू लागतात हा आहे. पण हे सगळे घडायला अवधी लागतो, आणि टिल लवकर आल्या तर तो अवधीच मिळत नाही. फार उशीर केला तर दुसरे संकट: इंटरफेरॉनच्या त्याच माऱ्याखाली पेशी पीडी-एल१ हा रेणूही वाढवतात, आणि तो टी-पेशींना आवर घालतो.

आमच्या प्रमुखांनी पहिल्याच आलेखांवर जो प्रश्न विचारला, त्यापुढे मात्र हा सगळा वाद बाजूला पडला. त्यांनी विचारले, "मेलेली पेशी गाठीची म्हणून मेली की विषाणूची म्हणून?" प्रौढ वयाच्या जवळजवळ प्रत्येक माणसाला कधी ना कधी ॲडेनोव्हायरसचा संसर्ग होऊन गेलेला असतो, त्यामुळे गाठीतून वाढवलेल्या टिलमध्ये या विषाणूची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशीही असू शकतात. त्यांनी ग्रासलेल्या पेशी मारल्या तर आलेख सुंदर दिसेल, पण कॅन्सरशी त्याचा संबंध नसेल. आणि विषाणू न पोहोचलेली गाठीची पेशी शेजारी सुखाने वाढत राहील. हे वेगळे काढण्यासाठी आम्ही त्याच रुग्णाच्या कॅन्सर नसलेल्या, संयोजी ऊतींतल्या पेशींना आणि गाठीच्या पेशींना विषाणू लावून दोघींसमोर टिल ठेवल्या, आणि विषाणू न लावलेल्या गाठीच्या पेशींवर केवळ ग्रासलेल्या पेशींचा गाळलेला, विषाणूरहित द्रव घालून पाहिला. हा शेवटचा खळगा मला फार आवडे. त्यात विषाणू नसतो, असते ती फक्त त्याने उठवलेली हाकाटी. आणि तरीही टिल गाठीच्या पेशींना अधिक ओळखू लागल्या, तर तो लाभ निर्विवाद गाठीविरुद्धचा. काही रुग्णांच्या टिलमध्ये तो दिसे, काहींच्या मुळीच दिसत नसे, आणि ज्यांच्यात दिसत नसे त्यांच्या गाठीच्या पेशींनी बहुधा एचएलए तयार करणेच सोडलेले असे. अशा रुग्णाला हा उपचार देऊन उपयोग होणार नाही, हे प्लेटवरच कळणे ही माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

उंदरांवरचे काम मी सगळ्यांत कमी आवडीने केले, आणि त्याविषयी थोडेच लिहिते. माणसाचा ॲडेनोव्हायरस उंदराच्या पेशीत नीट वाढत नाही, म्हणून प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत माणसाची गाठ रुजवावी लागते. भूल दिलेल्या उंदराच्या मूत्राशयात लहान मुलांच्या सलाइनच्या सुईवरील प्लास्टिकची नळी घालून थेंब-दोन थेंब द्रव सोडायचा, आणि भूल उतरेपर्यंत तो आत टिकवून धरायचा. उंदीर जागा झाला की पहिले काम लघवी करण्याचे करतो आणि औषध गेलेले असते. माणसांतही हीच अडचण निराळ्या रूपात येते: मूत्राशयाच्या अस्तरावर बुळबुळीत साखरसाखळ्यांचा थर असतो आणि तो जंतूंप्रमाणे औषधी विषाणूलाही आत येऊ देत नाही, म्हणून क्रेटोस्टिमोजीनआधी साबणासारखे काम करणाऱ्या एका द्रावणाने मूत्राशय धुऊन घेतात.

रुग्णांपर्यंत यातले काय पोहोचले आहे, हेही सांगायला हवे. विषाणूला टी-पेशींची जोड देण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे पेशी बाहेर वाढवण्याऐवजी शरीरातल्याच टी-पेशींचा आवर औषधाने सोडवणे. क्रेटोस्टिमोजीन आणि असा आवर सोडवणारे पेम्ब्रोलिझुमॅब यांच्या कोअर-००१ या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले: बीसीजी निरुपयोगी ठरलेल्या ३५ रुग्णांपैकी २९ जणांची गाठ पूर्ण नाहीशी झाली, आणि वर्षभरानंतर २० जणांमध्ये ती तशीच नाहीशी होती. आकडे आशादायक आहेत. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि संख्या लहान होती, हे विसरून ते वाचू नयेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या टिल आणि विषाणू हे नेमके आमचे जोडपे रुग्णांवर वापरून पाहिले गेले आहे ते मेलानोमामध्ये: फिनलंडमधल्या टिल्ट बायोथेरप्यूटिक्सने तयार केलेला ॲडेनोव्हायरस डेन्मार्कमध्ये टिलबरोबर दिला गेला, आणि टिलआधीची ती जड केमोथेरपी त्यात गाळली होती.

इचलकरंजीच्या माझ्या मामांना मूत्राशयाची गाठ निघाली तेव्हा त्यांनी फोनवर विचारले, "अगं, तुझं ते विषाणूचं औषध आपल्याकडं कधी येणार?" मी त्यांना सांगितले की मामा, तुमची बीसीजी अजून चालू आहे, तिच्या तारखा एकही चुकवू नका, आज तुमच्यासाठी त्याहून मोठे औषध माझ्या प्रयोगशाळेत नाही. त्यांना हे उत्तर फारसे रुचले नाही, आणि मामींनी फोन घेऊन जेवणाखाण्याची चौकशी केली. पेशींचे उपचार भारतात होणारच नाहीत, असे मात्र मला वाटत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आहे. ते रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे आणि त्यातल्या टी-पेशी रक्तातून घेऊन बदललेल्या असतात. प्रत्येक रुग्णासाठी गाठीतून स्वतंत्र पेशी उगवणे त्याहून बेभरवशाचे आहे, हे मी वर लिहिलेल्या प्लेटींवरून लक्षात येईल.

प्लेटवर आम्हाला अनुकूल वाटणारे अंतर दोन ते तीन दिवसांचे होते: आधी विषाणू, मग टिल. हे आम्ही मूत्ररोगतज्ज्ञांपुढे मांडले तेव्हा त्यांच्यापैकी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आलेख पाहून झाल्यावर शांतपणे सांगितले की पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला सोमवारी नळी घालून गुरुवारी पुन्हा घालणार असाल, तर तिसऱ्या वेळी तो येणार नाही. बीसीजीच्या काळापासून मूत्राशयाचे सगळे वेळापत्रक आठवड्याचे आहे, परिचारिका, खोल्या, लघवीची तपासणी, रुग्णाला घेऊन येणाऱ्या मुलाची रजा, सगळे त्यावरच बेतलेले. तेव्हा सात दिवसांनी विषाणूची हाक गाठीत कितपत शिल्लक राहते, आणि ती विरलेली असेल तर दुसऱ्या आठवड्यात विषाणूचा दुसरा डोस आणि टिल एकाच नळीतून तासाभराच्या फरकाने देऊन चालेल का, हे पाहणारी प्लेट आम्ही त्यानंतर लावली. मी ती प्रयोगशाळा सोडली तेव्हा तिचे आलेख पडद्यावर पुढे सरकत होते.